नमुन्याबरहुकूम माल

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो, तेव्हा खरेदीदाराच्या हाती असतात ती केवळ मूठभर हळकुंडे. तो एखादे हळकुंड मोडतो, आतला रंग न्याहाळतो, वास घेतो आणि त्या मुठीवरून मागे थप्पी लावून ठेवलेल्या सगळ्या पोत्यांचा भाव ठरतो. मूठ हा नमुना, पोती हा माल. नमुन्याबरहुकूम माल निघाला, की त्या दुकानाचे नाव पुढच्या हंगामातही चालते. नमुना एक आणि माल दुसरा असे एकदा जरी घडले, तरी दोन पिढ्यांनी कमावलेले नाव चार दिवसांत जाते.

अण्णांची चाळिसाहून अधिक वर्षे या व्यवहारात गेली. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांमध्ये पाणी शिरले आणि जमिनीखाली निर्धास्त ठेवलेली हळद नासली. अण्णांचा काही माल त्यांत होता आणि त्याचा सौदा पुरापूर्वीच नमुन्यावर झालेला होता. वरची काही पोती वाळवून, पॉलिश करून पाठवता आली असती; दूरच्या खरेदीदाराला लगेच कळलेही नसते. अण्णांनी एकही पोते पाठवले नाही. ‘नमुना पुराच्या आधीचा होता, माल पुराच्या नंतरचा आहे,’ एवढेच त्यांनी कळवले आणि नुकसान सोसले. तेव्हा शाळकरी वयात असलेल्या धाकट्या मुलाच्या मनावर त्या प्रसंगाचा फारसा ठसा उमटला नव्हता. तो उमटला वीस वर्षांनी, आणि हळदीमुळे नव्हे, तर एका हॉटेलातल्या भाजीमुळे.

सातारा शहराजवळ महामार्गालगत अण्णांनी गोदामासाठी म्हणून घेतलेली एक जागा आहे. गोदाम कधी झाले नाही. पुणे–बेंगळुरू रस्ता रुंद झाला, वाहने वाढली, महाबळेश्वर–पाचगणीला जाणारी कुटुंबे साताऱ्यात थांबू लागली. धाकट्या मुलाच्या मनाने घेतले, की या जागेवर चाळीस खोल्यांचे हॉटेल उभे करायचे आणि त्याला एका प्रसिद्ध हॉटेल-साखळीचे नाव घ्यायचे. कंपनीशी प्राथमिक बोलणीही त्याने केली होती.

त्याचे म्हणणे अविचाराचे नव्हते. ‘अण्णा, आपल्याला सांगलीत सगळे ओळखतात. साताऱ्यात रात्री नऊ वाजता उतरणाऱ्या बेंगळुरूच्या माणसाला आपण कोण ते कसं कळणार? एकटी बाई गाडी चालवत आली, तर ती कोणत्या दारात उतरेल? ओळखीच्या पाटीच्याच ना?’

यावर अण्णांकडे उत्तर नव्हते. व्यापारासाठी त्यांनी अनेक गावांतील लॉजमध्ये रात्री काढल्या होत्या. कुठे चादर धुतलेली नसे, कुठे दाराला कडी नसे, कुठे भाव माणूस पाहून सांगितला जाई. साखळी हॉटेलांनी प्रवाशाच्या मनातली ही धाकधूक बरीच कमी केली, हे ते मान्य करत. शिवाय त्याच वर्षी श्रवणबेळगोळची यात्रा करून परतताना सगळे कुटुंब बेंगळुरूला याच साखळीच्या हॉटेलात उतरले होते आणि तिथला अनुभव फार चांगला होता. माईंचा कंदमुळांचा आणि रात्रिभोजनाचा त्याग वीस वर्षांपासूनचा आहे. तिथल्या स्वागतकक्षातल्या मुलीने आपणहून विचारले होते, ‘आलं चालतं का? बटाटा? जेवण किती वाजता हवं?’ सूर्यास्तापूर्वी पाऊण तास ताट समोर आले. सकाळी उकळलेले पाणी न मागता मिळाले. माई परतीच्या वाटेवर म्हणाल्या होत्या, ‘घरच्यासारखं केलं हो त्यांनी.’ मुलाने ते वाक्य मनात जपून ठेवले. त्याच्या दृष्टीने नमुना पसंत झाला होता.

मार्गशीर्षात एका नातलगाच्या लग्नासाठी परजिल्ह्यातील एका शहरात जावे लागले. मुलाने मुद्दाम त्याच नावाचे हॉटेल धरले. पाटी तीच, पाटीवरचा रंग तोच, स्वागतकक्षात दरवळणारा सुगंधही तोच. नावापुढे फक्त एक शब्द वेगळा होता. त्या शब्दाचा अर्थ कुणी विचारला नाही. साडेपाच वाजता जेवण मागितले, तेव्हा स्वयंपाकघर सातला सुरू होते असे उत्तर आले. बरीच विनवणी केल्यावर एक आचारी आला. भाजी ‘जैन’ करायची, असे दोनदा सांगितले. डिसेंबरातला दिवस लहान. सूर्य मावळायला दहाएक मिनिटे उरली असताना पनीरची पांढरी भाजी आणि फुलके आले. माईंनी चार घास घेतले आणि त्या थांबल्या. त्यांनी ताट थोडे पुढे सरकवले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘यात कांदा आहे.’

त्या चिडल्या नाहीत, व्यवस्थापकाला बोलावले नाही. खोलीत जाऊन त्यांनी सामायिक केले आणि दुसऱ्या दिवशी उपवास धरला. लग्नघरी कुणाला कारणही कळू दिले नाही. मुलगा मात्र स्वयंपाकघरात गेला. आचारी विशीतला होता, घरापासून फार दूर आलेला. या हॉटेलात येऊन त्याला पंधरा दिवस झाले होते. त्याने खोटे सांगितले नाही. ‘साहेब, लाल ग्रेव्हीत कांदा-लसूण असतं, म्हणून मी पांढरी घेतली. पांढरीतही कांदा उकळून वाटलेला असतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. वेगळी ग्रेव्ही इथं कुणी करायला सांगितलेलीच नाही.’

हॉटेलच्या स्वयंपाकाची रीत ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मोठ्या स्वयंपाकघरात प्रत्येक भाजी मुळापासून होत नाही. सकाळीच दोन-तीन प्रकारच्या ग्रेव्ह्या करून ठेवतात: कांदा-टोमॅटोची तपकिरी, लोणी-टोमॅटोची लाल, काजूची पांढरी. मागणी येईल तशी त्यांतली एक कढईत घेऊन तीत पनीर, वाटाणा किंवा कोबी घालतात. पांढऱ्या ग्रेव्हीत काजू आणि मगजबीबरोबर उकडलेला कांदा वाटून घालण्याची पद्धत सर्रास आहे. रंग पांढरा, म्हणून ती निर्दोष दिसते. जैन जेवण खरोखर द्यायचे असेल, तर सकाळीच वेगळे पातेले चढवावे लागते. संध्याकाळी मागणी आल्यावर काही वगळून ते साधत नाही. बेंगळुरूच्या हॉटेलात ते पातेले रोज चढत होते, कारण तिथे तसे पाहुणे रोज येत होते आणि तिथला मुख्य आचारी जुना होता. दुसऱ्या गावी पाटी पोचली होती; पातेले पोचले नव्हते.

परतीच्या वाटेवर गाडी साताऱ्याच्या त्या जागेपाशी थांबली. समोर अजिंक्यतारा दिसत होता, मागे महामार्गावरून ट्रक जात होते. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग अण्णा म्हणाले, ‘ही चूक तिथल्या मालकाची. पण तुझ्या आईच्या मनात नाव राहिलं ते पाटीवरचं. उद्या ती पाटी इथं लागली, तर कुठल्या तरी तिसऱ्या गावची चूक आपल्या दारात येईल. आणि आपली चूक बेंगळुरूच्या त्या भल्या माणसांच्या दारात जाईल.’

मुलाने सांगलीला आल्यावर कराराचा मसुदा पुन्हा काढला, आणि या वेळी तो वेगळ्या नजरेने वाचला. हॉटेल-साखळी म्हणजे एका मालकाची अनेक हॉटेले, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात नाव तीन प्रकारे पसरते. काही इमारती कंपनीच्या स्वतःच्या असतात. काही ठिकाणी इमारत दुसऱ्याची, पण ती चालवणारी माणसे कंपनीची. आणि काही ठिकाणी इमारतही दुसऱ्याची, माणसेही दुसऱ्याची. कंपनीचे असते ते नाव, नोंदणीची व्यवस्था आणि नियमांचे पुस्तक. त्या बदल्यात मालक आपल्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा कंपनीला देतो. रस्त्यावरच्या प्रवाशाला हे तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. जुनी लॉज रंगवून, फरशी बदलून, नवी पाटी लावून साखळीत आणता येते. पाटी एका दिवसात लागते. आचारी, सफाई करणाऱ्या बाया, रात्रपाळीचा माणूस यांच्या हाताला वळण लागायला वर्षे जातात.

या धंद्याचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील केमन्स विल्सन नावाचा एक बांधकाम व्यावसायिक १९५१ मध्ये बायकामुलांना घेऊन प्रवासाला निघाला. वाटेतल्या खोल्या कुठे बऱ्या, कुठे घाणेरड्या. त्यात प्रत्येक मुलामागे वेगळे पैसे. चिडून त्याने पुढच्याच वर्षी मेम्फिस येथे ‘हॉलिडे इन’ सुरू केले. खोली सगळीकडे सारखी, मुलांना वेगळे भाडे नाही, आत काय मिळेल ते आधीच ठाऊक. सोळा वर्षांत या नावाची हजार हॉटेले झाली. एका गृहस्थाच्या प्रवासातील त्रासातून जन्मलेले हे वचन होते, आणि ते साधे होते म्हणूनच लोकांना पटले. पुढे इमारती जुन्या झाल्या, मालक बदलत गेले, एकाच नावाखाली चांगले आणि वाईट दोन्ही नांदू लागले. अखेर २००७ मध्ये कंपनीला सुमारे शंभर कोटी डॉलरची मोहीम जाहीर करावी लागली: पाट्या नव्या, निकष नवे आणि निकषांत न बसणाऱ्यांना नावाबाहेरची वाट. घडवायला सोपे वाटणारे नाव दुरुस्त करायला किती महाग पडते, याचे हे उदाहरण.

दुसरा गोंधळ पायऱ्यांचा. एकाच कंपनीला श्रीमंत पाहुणा हवा असतो, कामानिमित्त फिरणारा हवा असतो आणि काटकसरी कुटुंबही हवे असते. म्हणून ती प्रत्येकासाठी वेगळे नाव काढते. २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवुड ही कंपनी विकत घेतली, तेव्हा एका छत्राखाली तीस नावे जमली. भारतात टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीचेच पाहावे. १९०३ मध्ये मुंबईत उघडलेल्या ताजमहाल हॉटेलमुळे ‘ताज’ या नावाला जे वजन आले, ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे काटकसरी प्रवाशासाठी ‘जिंजर’ आले, मधल्या पायऱ्यांवर ‘विवांता’ आणि ‘गेटवे’ आली. २०१७ मध्ये कंपनीने ठरवले, की जिंजर वगळता सगळ्यांना एकच ‘ताज’ नाव द्यायचे. दोन वर्षांच्या आत विचार बदलला. विवांता परत आले, २०१९ मध्ये ‘सिलेक्शन्स’ ही आणखी एक ओळ निघाली आणि २०२३ मध्ये गेटवेही नव्या रूपात आले. एवढ्या अनुभवी कंपनीलाही हा प्रश्न सहज सुटत नाही. सगळ्यांना एक नाव दिले, तर लहान हॉटेलाकडूनही पाहुणा राजवाड्याची अपेक्षा करतो. वेगवेगळी नावे दिली, तर कोणते नाव कोणत्या पायरीचे, हे पाहुण्याला उमगत नाही.

अण्णांना हा भाग समजायला वेळ लागला नाही. हळदीतही प्रती असतात. हळकुंड वेगळे, गड्डा वेगळा, कणी वेगळी. प्रत्येकीला गिऱ्हाईक आहे आणि प्रत्येकीचा भाव आहे. ‘कणी विकणं हा काही दोष नव्हे,’ ते मुलाला म्हणाले. ‘कणीच्या पोत्यावर हळकुंडाची चिठ्ठी लावणं हा दोष.’ स्वस्त हॉटेलाने स्वस्त असावे, लहान खोली द्यावी, साधे जेवण द्यावे. त्यात कमीपणा नाही. वरच्या पायरीचे नाव, रंग आणि सुगंध वापरून खालच्या पायरीचा माल द्यावा, यात मात्र काहीतरी खोटे आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील दोन व्यापाऱ्याने रोज आठवावेत असे आहेत. एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात लबाडी. दुसरा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे चांगल्यासारखे दिसणारे हलके देणे. मापातली लबाडी समोरच्याला तराजूवर पकडता येते. प्रतिरूपक पकडणे अवघड, कारण त्यात वजन बरोबर असते, रंग बरोबर असतो, पावतीही बरोबर असते. आणि विशेष म्हणजे शास्त्रकारांनी हा दोष असत्याखाली न घालता चोरीखाली घातला. पाहुण्याने विश्वास दिला, आपण त्या मोलाचे परत दिले नाही. मधले जे उरले ते न दिलेले घेतल्यासारखेच झाले.

महाबळेश्वर आणि पाचगणी ही सातारा जिल्ह्यातीलच ठिकाणे, आणि हा प्रश्न तिथे अधिक उघड दिसतो. मे महिन्यात किंवा नाताळच्या सुट्टीत तीच खोली दुप्पट-तिप्पट भाड्याने जाते. त्याच दिवसांत काम करणारे हात मात्र हंगामापुरते आणलेले, नवखे असतात. म्हणजे भाडे सर्वांत जास्त, तेव्हाच सेवा सर्वांत कच्ची. पावसाळ्यात, निम्म्या खोल्या रिकाम्या असताना, त्याच हॉटेलात उतरणाऱ्याला वेगळाच अनुभव येतो. तेव्हा सारखेपणा दोन गावांत नसतो असे नाही. एकाच इमारतीच्या दोन महिन्यांतही तो नसतो. तारांकनावर विसंबावे, तर तेही समजून घ्यावे लागते. पर्यटन मंत्रालयाचे तारांकन ऐच्छिक असते, ठरावीक मुदतीचे असते आणि ते त्या एका इमारतीला मिळते. साखळीच्या नावाला नव्हे.

या सगळ्यात ‘जैन’ हा शब्द कुठे उभा आहे, याचाही विचार अण्णांच्या घरी झाला. महामार्गावरच्या जवळपास प्रत्येक फलकावर तो आहे: जैन थाळी, जैन पावभाजी, जैन पिझ्झा. पाकिटातल्या पदार्थावरचा हिरवा ठिपका कायद्याने ठरवून दिलेला आहे. अन्नव्यवसाय करणाऱ्याला चौदा आकडी परवाना क्रमांक घ्यावा लागतो, तो दर्शनी लावावा लागतो आणि त्या क्रमांकावर तक्रार करता येते. ‘जैन’ या शब्दाला मात्र अशी कायद्याची खूण नाही, मालक नाही, नियमांचे पुस्तक नाही. समाजातही आचार एकसारखा नाही. कुणाला बटाटा चालतो, कुणाला नाही. ओले आले आणि ओली हळद वर्ज्य मानणाऱ्या घरांत सुंठ आणि वाळलेली हळद चालते. अण्णांची सगळी हयात ज्या वाळलेल्या हळदीवर गेली, तिच्याबद्दल हा बारकावा कुणा परप्रांतातून आलेल्या आचाऱ्याला कसा कळावा? जे आपण नीट सांगत नाही, ते दुसऱ्याने नीट करावे ही अपेक्षा पूर्ण न्यायाची नाही. माईंनीच हे बोलून दाखवले. ‘त्या पोराचा काय दोष? मी “जैन” म्हटलं. “कांदा उकडलेलासुद्धा नको” असं म्हणायला हवं होतं.’ त्या दिवसापासून त्या ताट मागताना शब्द सांगत नाहीत, जिन्नस सांगतात: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओले आले नको, पांढऱ्या रश्श्यात काय आहे ते आचाऱ्याला विचारून या. वाढणाऱ्यांना थोडा त्रास होतो खरा, परंतु फसगत होत नाही.

पौषात कंपनीचा प्रतिनिधी सांगलीला आला. तरुण, नम्र आणि तयारीचा होता. पाटीची उंची, स्वागतकक्षाच्या भिंतीचा रंग, गादीची जाडी, टॉवेलचे वजन, नोंदणीची संगणकीय व्यवस्था, या सगळ्यांची माहिती त्याने आकड्यांसह दिली. अण्णांनी तीन गोष्टी विचारल्या. आचारी कोण शिकवणार? तपासणीला कोण, किती वेळा आणि न सांगता येणार का? आणि याच नावाच्या दुसऱ्या हॉटेलाने चूक केली, तर नाव सुधारेपर्यंत आमच्या हिश्शाच्या रकमेचे काय? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळाले, की स्वयंपाकघर मालकाचे असते. दुसऱ्याला उत्तर मिळाले, की तपासणी असते, तारीख आधी कळवली जाते. तिसऱ्या प्रश्नावर तो तरुण हसला आणि म्हणाला, ‘काका, असं कराराच्या मसुद्यात नसतं.’ अण्णांनी त्याला गूळ-शेंगदाणे आणि चहा दिला, गाडीपर्यंत पोचवायला गेले. माणूस खोटे बोलला नाही, याचे त्यांना समाधान होते.

रात्री मुलगा उदास होता. वर्षभराचे बेत, बँकेचे कागद, मित्रांना सांगून ठेवलेली गोष्ट, सगळे मोडल्यासारखे त्याला वाटत होते. ‘मग नाव कधी वाढवायचंच नाही का, अण्णा? एकाच दुकानात बसून राहायचं?’

अण्णांचे शिक्षण रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत झालेले. त्यांनी साताऱ्याचेच उदाहरण दिले. कुंभोजच्या जैन घराण्यात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली आणि पुढे तिचे नाव गावोगाव नेले. परंतु १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय निघाले आणि हायस्कूल निघाले ते १९४० मध्ये. ‘आधी शिकवणारा तयार केला, मग शाळा काढली. नाव वाढवायला माझी ना नाही. पण नाव माणसाच्या पायांनी चालतं. जितकी माणसं तयार होतील, तितकंच ते लांब जाईल. तू आधी एक आचारी तयार कर.’

मुलाला हे लगेच पटले असे नाही. काही दिवस तो यार्डात गप्पच असे. मग एके दिवशी तो साताऱ्यातील एका ओळखीच्या भोजनालयात काम शिकायला जाऊ लागला. आठवड्यातले चार दिवस पहाटे भाजी निवडण्यापासून रात्री भांडी मोजण्यापर्यंत सगळे तो करतो. दोन महिन्यांत त्याला कळले, की वाढपी सणाला गावी गेला की दोन दिवस सगळेच बिघडते. तेलाचा डबा बदलला की तीच भाजी वेगळी लागते. आणि रोज सारखे करणे ही सोपी गोष्ट नसून या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. साखळीवाल्यांविषयीचा त्याचा राग त्यामुळे कमी झाला आणि बेंगळुरूच्या त्या आचाऱ्याविषयीचा आदर वाढला. त्याने त्या हॉटेलला पत्र लिहून आभार मानले. आणि परजिल्ह्यातील हॉटेललाही सविस्तर लिहिले, आरोप न करता, पांढऱ्या ग्रेव्हीत काय असते आणि काय नसावे ते.

चाळीस खोल्यांचा बेत आता बारा खोल्यांवर आला आहे. साखळीची पाटी तूर्त नाही. जेवणाची खोली आधी, राहण्याच्या खोल्या मागाहून. दारावर ‘जैन भोजन’ असे न लिहिता काय वापरले जात नाही त्याची यादी लिहायची आणि संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी एक तास तयार ठेवायचे, असे ठरले आहे. पुढे कधी साखळीत जायचे झाले, तर तेव्हा पाहता येईल. निदान देण्यासारखे काही हाती असेल.

गेल्या महिन्यात वास्तुरचनाकाराने नकाशा आणला. अण्णांनी खोल्यांच्या खिडक्या पाहिल्या, मुलाने गाड्या लावण्याची जागा पाहिली. माईंनी चष्मा लावून बराच वेळ फक्त स्वयंपाकघर पाहिले. मग बोट ठेवून विचारले, ‘बाकीच्या पाहुण्यांसाठी कांदा चिरणार ना? मग तो कुठं चिरणार? याच ओट्यावर?’

नकाशात ओटा एकच होता. मुलाने वास्तुरचनाकाराकडे पाहिले, वास्तुरचनाकाराने खिशातून पेन्सिल काढली. आता तिथे भिंत घालून दुसरा ओटा, दुसरी शेगडी आणि दुसरा नळ दाखवला आहे. त्यासाठी राहण्याची एक खोली कमी करावी लागली. खोल्या आता अकरा आहेत.